होई आनला लागलेली टिकली

कमलबाई, रिसोडच्या फोटोवाल्याचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला. उद्या तुमची तेरवी. फ्रेम आज संध्याकाळपर्यंत हातात यायला हवी आणि चौकात लावायचा फ्लेक्सही त्याच्याकडेच आहे. त्याचं काम एका प्रश्नावर अडलंय. "काकू, फोटोत टिकली हाय. ठिवू का काढू? दोन मिनिटाचं काम हाय, कंप्युटरवर पुसून टाकतो, समजनार बी नाई कोनाले." मी म्हटलं, विचारून सांगते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी तुम्हालाच विचारायला उठले होते. जावा-जावांची बत्तीस वर्षांची सवय, बारा दिवसांत कशी जाणार?

फोटो कुठला ते तुम्हाला माहीत आहे. व्हिएतनाममधल्या होई आनचा, नदीकाठचा. मागे ती पिवळी भिंत, तुमच्या हातात कॉफीचा ग्लास, आणि तुम्ही इतक्या हसताय की पुढचा पडलेला दातसुद्धा दिसतोय. कपाळावर माझी मरून टिकली. रेखाला तो माझ्या फोनमध्ये सापडला आणि तिनं तिथंच हट्ट धरला. "काकू, आईचा हाच फोटो लावायचा. मी आईले अशी हासताना कदीच नाई पाह्यलं." दुसरा फोटो आहे तो आधार कार्डावरचा. त्यात तुम्ही पोलिसांनी धरून आणल्यासारख्या दिसता. रेखाचं चुकीचं नाही.

पण आमचे हे म्हणतात, टिकली काढून लावा. त्यांचा राग करू नका. बारा दिवस माणूस धड जेवलेलं नाही. तुमचे मालक गेल्यावर बावीस वर्षं त्यांनी तुम्हाला घरातली मोठी म्हणून मान दिला. तुमच्या शब्दाशिवाय पेरणी केली नाही. आता त्यांना भीती एवढीच की गावातल्या बाया फोटोपुढं उभ्या राहून कुजबुजतील. "वहिनीचं नाव हाय गावात. मेल्यावर कोनी काही बोलू नये," असं म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. आणि रेखानं मला सरळच विचारलं, "काकू, तिकडं लावत होती, मंग घरी येताना आईनं काढली काहून?" मी म्हटलं, "घामानं गळून पडली असंन."

खोटं बोलले, बाई. तुमच्या लेकीशी, तुमच्या तेरवीच्या आदल्या दिवशी. म्हणून दार लोटून लिहायला बसलेय. बोलायला गेले की माझी जीभ आधी स्वतःला सोडवून घेते. लिहिताना तेवढं जमत नाही.

तुम्हाला त्या दौऱ्याला मीच ओढत नेलं, हे तरी कबूल करा. बचत गटाच्या आठ बायकांना हळद घेणाऱ्या कंपनीनं व्हिएतनामला न्यायचं ठरवलं आणि यादी करायला मी, गटाची सचिव. तुमचं नाव मी पहिलं लिहिलं. शिजत्या हळदीत काडी टोचून, उतरवायची की नाही हे सांगणारा तुमच्यासारखा हात आपल्या केनवड गावात दुसरा नव्हता. तुम्ही मात्र आठ दिवस भांडलात. "शेगावच्या पुढं मी कदी गेली नाई. मले कायले नेतं तठी? मी काय करू?" मी म्हटलं, काही करू नका, फिरा. त्यावर तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तुम्हाला घर सोडून जायला सांगितलं.

दा नांगच्या विमानतळावर उतरलो तेव्हा तुमचे पाय सुजले होते. बसमध्ये तुम्ही डोळे मिटून बसलात. होई आनच्या जुन्या भागात गाड्या जात नाहीत म्हणून शेवटचा रस्ता पायी. तुम्ही कुरकुरत उतरलात, चार पावलं चाललात आणि थांबलात. दोन्ही बाजूंना घरं, सगळी पिवळी. जुनी, कौलारू, कुठं पोपडे निघालेले, वरून गुलाबी फुलांचे वेल सोडलेले, दोरीवर रंगीत कंदील. सायकलवरून बाया चाललेल्या, कोणाला घाई नाही. तुम्ही पिशवी खाली ठेवली. "नलू," म्हणालात, "हे गाव कोनी हयदीनं सारवलं व?"

मी म्हटलं, रंग आहे तो. तुम्ही म्हणालात, हळद आहे. मी म्हटलं, इतकी हळद कोण फासेल भिंतीला? तर तुम्ही सरळ एका घराच्या भिंतीपाशी गेलात, नखानं पोपडा खरवडला आणि जिभेवर ठेवला! आतून घरमालक धावत आला. त्याला वाटलं असेल, ही बाई उपाशी आहे. तुम्ही त्याच्याकडे पाहून शांतपणे म्हणालात, "हयद नाई, भाऊ. निसता चुना हाय." त्या माणसाला काय कळलं देव जाणे, पण त्यानं तुम्हाला पाणी आणून दिलं. त्यानंतर चार दिवस गटातल्या बाया तुम्हाला भिंत चाटणारी म्हणून चिडवत होत्या आणि तुम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. केनवडात तुम्हाला कोणी असं चिडवलंय, असं मला आठवत नाही. तिथं सगळे तुम्हाला जपून वागवायचे.

तुम्ही त्या शहराच्या प्रेमात पडलात, बाई. दुसरा शब्द नाही. पंचावन्न वर्षांच्या बाईनं शहराच्या प्रेमात पडावं, हे मला तेव्हा हसण्यासारखं वाटलं. आम्ही उठायच्या आत तुम्ही एकट्या बाहेर पडायचात. कुठं जायचं ठाऊक नाही, भाषा नाही, हातात फक्त घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. बाजारात कावडीवर भाजी घेऊन येणाऱ्या बायांशेजारी उकिडव्या बसायचात. त्या तुम्हाला एकेक पान चुरगळून वास घ्यायला द्यायच्या आणि तुम्ही वऱ्हाडीत पसंती सांगायचात. परत आल्यावर तुमच्या ओच्यात पुदिन्यासारखी, तुळशीसारखी कसली कसली पानं. शहराबाहेरच्या भाजीच्या गावात नेलं तेव्हा शेतीची माहिती आम्ही वहीत उतरवत होतो आणि तुम्ही तिथल्या एका म्हाताऱ्याच्या खांद्यावरची झाऱ्यांची कावड घेऊन अख्खा वाफा भिजवून मोकळ्या झालात. तो टाळ्या वाजवत होता. तुम्ही लाजलात. तुम्हाला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि ती मावशी. आपण उतरलो होतो त्या घराची मालकीण, साठीची असेल. नाव आपल्याला उच्चारता येईना म्हणून मावशी. तिच्या घरात शिरल्याबरोबर एक देव्हारा होता आणि त्यात तिच्या मालकाचा फोटो. पुढं केळी, उदबत्ती, चहाचा कप. ती रोज सकाळी त्या फोटोला चहा द्यायची, दोन शब्द बोलायची आणि मग आरशापुढं उभी राहून ओठांना लाल रंग लावायची. पहिल्या दिवशी तुम्ही मला कोपरानं ढोसलं. "हिचा मालक तं गेला नं?" "हो." "मंग हे?" मी म्हटलं, त्यांच्याकडे चालत असेल. तुम्ही जेवतानाही तिच्या ओठांकडेच पाहत होतात. भिंतीवर खांद्याइतक्या उंचीवर पाण्याचा डाग होता. दरवर्षी नदी घरात येते, सामान माडीवर नेतो, पाणी ओसरलं की भिंत पुन्हा रंगवतो, असं तिनं हातवारे करून सांगितलं. तुम्ही विचारलंत, "दरसाली पिवयाच रंग?" कंपनीनं दिलेल्या दुभाष्यानं विचारून सांगितलं, दरसाली पिवळाच.

दुसऱ्या दिवशी सकाळचं मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. झोपताना टिकली काढून आरशाला चिकटवायची आपल्या बायकांची खोड. आपल्या खोलीतल्या आरशावर माझ्या तीन-चार टिकल्या होत्या. तुम्ही न्हाऊन आरशापुढं केस विंचरत होतात. मावशी गरम पाण्याचा थर्मास घेऊन आली. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग तुमच्या. तिला वाटलं, ही विसरली. तिनं आरशावरची एक टिकली काढली, तुमची हनुवटी धरली आणि बरोबर मधोमध लावून दिली. वरून तुमच्या गालावर थोपटलं आणि गेली.

तुम्ही हलला नाहीत. माझ्या हातात साडीच्या निऱ्या तशाच राहिल्या. मला वाटलं, आता तुम्ही काढाल. तुम्ही आरशात पाहत राहिलात. मी काहीतरी बोलायला हवं होतं. छान दिसते, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. मी म्हटलं, "चला, खाली सगळ्या थांबल्या." तुम्ही तशाच खाली आलात. गटातल्या बायांनी पाहिलं आणि कोणी अवाक्षर काढलं नाही. त्यांना मी मानते. त्या दिवशी दुपारी नदीकाठी तुम्ही तो आटवलेल्या दुधाचा कॉफीचा ग्लास घेतला, मी फोन काढला, आणि तो फोटो.

पुढचे दिवस टिकली तुमच्या कपाळावर होती. रोज रात्री तुम्ही ती काढून आरशाला लावायचात आणि सकाळी पुन्हा लावायचात. मी झोपेचं सोंग घेऊन पाहायची.

शेवटच्या संध्याकाळी नदीत कागदाचे दिवे सोडले. पायऱ्यांवर आपण दोघीच बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "नलू, मी अठीच राह्यली तं?" मी हसले. म्हटलं, "आन् रेखा?" "येईन भेटाले." "आन् हळद?" "भाऊजी पायतीन." मी म्हटलं, "काय ठेवलंय इथं एवढं?" तुम्ही दिव्यांकडे पाहत म्हणालात, "अठी मले कोनी वळखत नाई व." मला त्याचा राग आला. खरं सांगते, राग आला. आम्ही एवढं तुमचं करतो, तुम्हाला मोठी मानतो आणि तुम्हाला कोणी ओळखत नसलेलं गाव हवं! मी उठले आणि चला म्हटलं. ते भांडण आपण कधी पुरं केलं नाही. पुरं केलं असतं तर तुम्ही मला सांगितलं असतं की संक्रांतीला माझ्याच घरात हळदी-कुंकू होतं, अंगणभर बाया येतात, कुंकवाशेजारी वाटीत हळद असते ती तुमच्या हातची, आणि तुम्ही आतल्या खोलीत बसता. बावीस वर्षं. तुम्हाला कोणी आत बस म्हटलं नव्हतं, हे मी स्वतःला सांगत आले. बाहेर या, असंही मी कधी म्हटलं नव्हतं.

नागपूरहून गाडी निघाली. आपल्या वाशीमकडच्या मालेगावला चहाला थांबलो. इथून पुढं घर जवळ. गाडीत बाया आपापल्या सामानाला लागल्या. तुम्ही खिडकीशी बसून कोणाला तरी त्या भिंतीचं सांगत होतात. माझी नजर तुमच्या कपाळावर गेली. घराच्या दारात सगळे उभे असणार. हे, रेखा, शेजारपाजार. मी तुमच्याकडे सरकले आणि नखानं ती टिकली काढली. विचारलं नाही, सांगितलं नाही. तुमचं वाक्य अर्धंच राहिलं. तुम्ही कपाळावर बोट फिरवलंत आणि म्हणालात, "बरं केलं व. मी इसरलीच होती." आणि बाहेर पाहायला लागलात. मी पुढचा रस्ताभर तुमच्या सामानाची पिशवी मांडीवर घेऊन बसले. तेवढीच सेवा.

त्यानंतर तुम्ही होई आनचं वेड घरात आणलंत. आटवलेल्या दुधाचा डबा आणून कॉफी करून पाहिलीत, ह्यांनी एक घोट घेऊन ग्लास गायीपुढं धरला. परसात त्या पानांचं बी लावलंत, त्यातलं एकच उगवलं. मागच्या दिवाळीला बाहेरची भिंत पिवळी द्या म्हणून हट्ट धरलात आणि ह्यांनी तुमचं ऐकलं. गावातली माणसं हसली, पण आता दोन घरं आणखी पिवळी झालीत. फोनवर तो फोटो मात्र तुम्ही मला एकदाच मागितलात. "मले दाखोव नं." मी दाखवला. तुम्ही बोटानं मोठा करून पाहिलात, परत दिलात. "मले पाठवू नको. रेखा पायीन," म्हणालात. तुम्ही मला वाचवत होतात. हे मला आता, लिहिताना कळतंय.

मधल्या काळात दोन संक्रांती झाल्या. पहिलीला मी बोलावणार होते. मनाशी पक्कं केलं होतं. बाया आल्या, मी दारापर्यंत आले, आणि तुम्ही आतून चहाचा ट्रे पुढं केलात. "जा, थंडा होईन." मी ट्रे घेऊन गेले. दुसरीला तर मी ठरवलंही नव्हतं. तुम्ही गेलात त्या दिवशी हळदीची कढई चुलीवर होती. काडी टोचलीत, "उतरवा आता," म्हणालात आणि सावलीला पाठ टेकलीत. तुम्हाला शेवटची आंघोळ घालताना घरात तुमच्या हातची पोत्यांनी हळद होती आणि सवाष्णीला लावतात तशी कोणी चिमूटभर आणली नाही. मीही नाही. मी तुमचे पाय धुतले आणि गप्प राहिले. तुमच्यावर माझं इतकं प्रेम होतं आणि ते सगळं मी तुमचे पाय चेपण्यात, डबा भरण्यात, पिशव्या उचलण्यात घातलं. जिथं लागत होतं तिथं माझा हात आखडला.

आत्ता पुन्हा फोटोवाल्याचा फोन आला. मी उचलला नाही. लिहिलेलं तसंच ठेवलं आणि बाहेर गेले. हे खाटेवर बसले होते, रेखा उद्याच्या भाज्या निवडत होती. मी दोघांसमोर खाली बसले आणि सांगितलं. आरसा, मावशी, मालेगाव, सगळं. "रेखा, गळून पडली नव्हती. मी काढली. तुझ्या आईले न इचारता काढली."

रेखाच्या हातातली गवार तशीच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाली, "आई काय म्हनली?" मी सांगितलं. ती उठली आणि न्हाणीकडे गेली. तिचं रडणं बाहेर येत होतं. मी गेले नाही. तिला माझ्यावर रागवायचा हक्क आहे, आणि मला वाटतं ती अजून काही दिवस रागावणार आहे.

मी ह्यांना विचारलं, "उद्या बाया बोलतीन. काय करायचं?" ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "वहिनीले बावीस वर्सात मीबी कदी इचारलं नाई." मग टॉवेलनं तोंड पुसलं. "लाव फोन त्याले."

मी फोन लावला. म्हटलं, "भाऊ, टिकली राहू द्या." तो म्हणाला, "काकू, पुन्हा पाहा. फ्लेक्स छापला की बदलता येत नाई. चौकात लागनार हाय, अख्खं गाव पायीन." मी म्हटलं, "म्हनूनच राहू द्या." मागून रेखाचा आवाज आला, नाक ओढत, "अन् मोठा छापा म्हना."

उद्या सगळ्या येतील, बाई. तुम्हाला मोठी म्हणून मान देणाऱ्या आणि संक्रांतीला तुमच्या हातची हळद एकमेकींना लावणाऱ्या. फोटोपुढं थबकतील. एखादी माझ्या कानाशी येऊन विचारेलच, कमलबाईनं टिकली लावली होती का व? मी मोठ्यानं सांगणार आहे, बाकीच्यांनाही ऐकू जाईल असं. लावली होती. शोभत होती. घरी येताना मी काढली, आणि त्या विसरल्या होत्या असं मी आजवर स्वतःला सांगत आले.

तुम्ही विसरल्या नव्हतात. मला ते तेव्हाच, गाडीतच कळलं होतं.